फ्रान्समध्ये राहताना किंवा फिरताना रोजच्या खाण्यात तुम्हाला कोणते छोटे शोध लागले?

नोकरीनिमित्त मी चार वर्षे ब्रिटनी प्रांतातल्या रेन या शहरात राहिले. त्यामुळे माझे उत्तर मोठ्या उपाहारगृहांतून नव्हे, तर शेजारघर, शनिवारचा बाजार आणि कोपऱ्यावरची बेकरी यांतून आलेले आहे. मला सर्वांत मोलाचा वाटणारा शोध आधी सांगते: फ्रान्सच्या या पश्चिम टोकाला लोक ताक पितात आणि त्यात घावनासारखा पदार्थ कुस्करूनही खातात.

त्या ताकाला तिथे 'ले रिबो' म्हणतात. 'ले' म्हणजे दूध, आणि 'रिबो' हा शब्द घुसळणीच्या साधनावरून आलेला आहे. माझ्या शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक आजी एकट्याच राहत असत. मी त्यांना 'मादाम' म्हणे आणि त्याही मला शेवटपर्यंत 'अहो-जाहो'च करत राहिल्या. एका संध्याकाळी चुकून माझ्याकडे आलेले त्यांचे टपाल द्यायला मी गेले, तेव्हा त्या जेवायला बसल्या होत्या. समोरच्या खोल वाडग्यात थंडगार ले रिबो होते. सकाळच्या, गार होऊन जराशा चिवट झालेल्या गालेतचे, म्हणजे तिथल्या घावनाचे, तुकडे त्या हाताने तोडून त्यात टाकत होत्या आणि तुकडा नीट भिजला की चमच्याने खात होत्या. सोबत कांदा किंवा ठेचा नव्हता, एवढाच काय तो फरक. एरवी ते माझ्या आजोळचे ताक-भाकरीचे जेवणच होते. मी काही क्षण दारातच उभी राहिले. त्यांनी काही न विचारता माझ्यासाठी दुसरे वाडगे काढले.

गालेत म्हणजे कुट्टूच्या पिठाचे मोठे, पातळ घावन. आपल्याकडे उत्तरेत उपवासाला जे कुट्टूचे पीठ वापरतात, तेच हे. फ्रेंचमध्ये त्याला 'काळा गहू' म्हणतात, पण ते गव्हाच्या कुळातले नाहीच; ती वनस्पती आपल्या चुक्याच्या कुळातली आहे. पीठ, पाणी आणि मीठ एवढ्यावर भिजवलेले सरसरीत पीठ काही तास मुरू देतात, मग सपाट, गोल, बिडाच्या तव्यावर लाकडी दांडीने एका फेऱ्यात पसरवतात. तव्याला 'बिलिग' आणि दांडीला 'रोझेल' ही ब्रेटन, म्हणजे ब्रिटनीच्या स्थानिक भाषेतली, नावे आहेत. पीठ तव्यावर पडताच जी बारीक जाळी पडते, ती पाहिल्यावर कोकणातल्या कुणालाही आणखी काही समजावून सांगावे लागणार नाही. मध्ये अंडे फोडून आणि चीज घालून चारही कडा आत दुमडतात. आपण मांसाहार करत नसाल तर 'गालेत कोंप्लेत' मागू नका, कारण त्यात हॅम असते. फक्त अंडे आणि चीज घातलेली मागा, ती सगळीकडे मिळते. मांसाहारी असाल तर शनिवारी सकाळी रेनच्या लीस चौकातल्या बाजारात जा. तो बाजार 17व्या शतकापासून भरतो, आणि तिथे गार गालेतमध्ये गरम सॉसेज गुंडाळून देतात, ते लोक उभ्याउभ्याच खातात.

ताक आले म्हणजे लोणीही आलेच. फ्रान्समधले बरेचसे लोणी विरजण लावलेल्या सायीचे असते, म्हणून त्याला आपल्या घरच्या लोण्यासारखा किंचित आंबूस वास येतो. आपल्याकडच्या दुकानातल्या पिवळ्या बटरला तो वास नसतो, आणि त्यावर वाढलेल्या पिढीला त्या वासाची ओळखही उरलेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. ब्रिटनीत हे लोणी खारे असते. याचे कारण इतिहासात आहे: राजेशाहीच्या काळात फ्रान्सच्या मोठ्या भागात मिठावर 'गाबेल' नावाचा जबर कर होता, पण ब्रिटनीला त्यातून सूट होती. मीठ स्वस्त असल्यामुळे लोणी टिकवायला ते सढळ हाताने घालता येई. हा कर 1790 मध्ये रद्द झाला, तरी ब्रिटनीची जीभ मात्र आजही खाऱ्या लोण्यावरच आहे. मिठाचे खडे न विरघळता तसेच राहिलेले लोणीही मिळते. कडक पावाच्या तुकड्यावर लावून खाताना मध्येच एखादा खडा दाताखाली येतो.

पावाबद्दल थोडक्यात सांगते. बेकरीत नुसते 'बागेत' (baguette, लांब दांडीसारखा फ्रेंच पाव) न म्हणता 'त्रादिस्यों', म्हणजे पारंपरिक बागेत, मागावे. 1993 च्या सरकारी आदेशानुसार या पावात कोणतेही कृत्रिम मिश्रक घालता येत नाही आणि कणीक गोठवताही येत नाही. कमी भाजलेला हवा की जास्त, हेही सांगता येते, आणि अर्धा पाव मागितला तर कुणी नाक मुरडत नाही. घरी पोचेपर्यंत पावाचे टोक मोडून खाल्लेले असते, हे तिथे लहानथोर सगळेच करतात. साडेचारला शाळा सुटल्यावर मुलांना मधल्या वेळी पावाच्या तुकड्यात चॉकलेटची वडी खुपसून देतात. ते खाणे इतके साधे आणि इतके चांगले आहे की मी आजही करते.

शेवटचा शोध मोहरीचा. दिजों या फ्रेंच शहराच्या नावाने ओळखली जाणारी मोहरी म्हणजे आपली फेसलेली मोहरी, फक्त पाण्याऐवजी व्हिनेगरमध्ये वाटलेली. दाणाही आपल्याच जातीचा, आणि तो बहुतांशी कॅनडातून येतो. 2021 च्या दुष्काळात तिथले पीक गेले, तेव्हा 2022 च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या दुकानांतले मोहरीचे कप्पे रिकामे पडले होते आणि कित्येक ठिकाणी माणशी एकच बाटली देत असत. ही मोहरी चमचाभर घ्यायची, त्यात एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग तेल घालून घोटायचे आणि ते किसलेल्या गाजरावर ओतायचे. गाजराची ही कोशिंबीर फ्रान्समध्ये शाळेच्या जेवणापासून घरच्या जेवणापर्यंत सगळीकडे असते. मी त्यात दाण्याचे कूट घालून शेजारच्या मादामना दिली, तेव्हा त्यांनी कूट कशाचे आहे हे विचारून एका कागदावर लिहून घेतले आणि परत येताना माझ्या हातात मोहरीचे दोन रिकामे ग्लास ठेवले. तिथे मोहरी अनेकदा काचेच्या पेल्यातच विकतात, आणि ती संपली की पेला धुऊन पाणी प्यायला वापरतात.