रिओ ग्रँड सदर्न रेल्वेचा लेआउट १० बाय १२ फुटांच्या खोलीत कसा बसवावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यू जर्सीतील घराच्या तळघरात १० बाय १२ फुटांची एक खोली मोकळी आहे, कोलोरॅडोतील रिओ ग्रँड सदर्न या बंद पडलेल्या नॅरोगेज (दोन रुळांत कमी अंतर असलेल्या) रेल्वेवर बेतलेला लेआउट, म्हणजे छोट्या मॉडेल रेल्वेची मांडणी, तिथे उभारायची आहे, आणि ती रेल्वे एवढ्या जागेत पूर्ण कशी बसवावी हे उमगत नाही. ती पूर्ण बसत नाही. रिजवे ते ड्युरँगो हे अंतर १६२ मैलांचे होते. एचओ स्केलमध्ये, म्हणजे मूळच्या साधारण ८७व्या हिश्शाने जरी ते काढले, तरी जवळजवळ तीन किलोमीटर रूळ टाकावे लागतील. त्यामुळे काय काय वगळायचे हे ठरवणे, हेच या छंदातील सर्वांत मोठे आणि सर्वांत आधी करण्याचे काम आहे.

हे मी ठेच खाऊन शिकलो. मी डेन्व्हरजवळ राहतो आणि माझी खोली आपल्या खोलीपेक्षा फुटभरानेच मोठी आहे. पहिल्या आराखड्यात मी रिजवे, ऑफिर, रिको, डोलोरेस, मँकोस आणि ड्युरँगो अशी सहा स्थानके कोंबली होती. कागदावर ते फार शोभिवंत दिसले. प्रत्यक्षात आठ डब्यांची मालगाडी फिरवली तेव्हा इंजिन रिकोच्या फलाटाला लागले आणि गार्डाचा डबा अजून ऑफिरच्या पुलावरच उभा होता. ज्या प्रवासाला खऱ्या गाडीला घाटातले तास लागत, तो तिने शेवटचा डबा ऑफिरबाहेर न काढताच संपवला होता. दुसऱ्या दिवशी मी चार स्थानके उखडली.

म्हणून माझा आग्रह असा की एक जागा, एक वर्ष आणि गाडीला तिथे असलेले एक काम, एवढेच निवडावे. या रेल्वेपुरते बोलायचे तर जागा निर्विवादपणे व्हान्स जंक्शन ते ट्राउट लेक ही आहे. व्हान्स जंक्शनला टेल्युराइडचा फाटा सुटतो आणि तिथे कोळसा भरण्याची सोय होती. पुढे मुख्य मार्ग ऑफिरच्या दरीत शिरतो, लाकडी ट्रेसल पुलांवरून, म्हणजे ओळीने उभ्या केलेल्या लाकडी चौकटींवरच्या पुलांवरून, दरी ओलांडून स्वतःच्याच वर उलटा वळतो आणि ट्राउट लेकच्या काठाने सुमारे १०,२०० फूट उंचीच्या लिझर्ड हेड खिंडीकडे चढत जातो. ऑफिरला खाणींतील खनिज तारेवरच्या पाळण्यांतून थेट स्थानकाशी उतरत असे, त्यामुळे तिथे डबे आणण्या-नेण्याला सबळ कारणही आहे. रिजवे आणि ड्युरँगो दाखवूच नयेत. ती दोन्ही पडद्यामागच्या यार्डात राहू द्यावीत, गाडी तिथून यावी आणि तिथेच जावी.

वर्षाचे महत्त्व नव्या माणसाला पटत नाही, म्हणून गॅलपिंग गूसचे उदाहरण देतो. वाफेच्या गाडीचा खर्च झेपेना, तेव्हा टपालाचे कंत्राट टिकवण्यासाठी या रेल्वेने १९३१ पासून रिजवेच्या कारखान्यात जुन्या मोटारगाड्यांच्या सांगाड्यांवर रुळांवरून धावणारी मोटर तयार केली. पुढे मोटारीचे तोंड, मागे सामानाचा लांबोडका डबा आणि सगळ्याला चंदेरी रंग. सैल रुळांवरून डुलत जाण्याच्या तिच्या ढंगामुळे हे नाव पडले असे सांगतात. मराठीत तिला दुडक्या चालीची हंसीण म्हणायला हरकत नाही. आता पाच क्रमांकाचीच गूस घ्या. १९४१ सालचा लेआउट असेल तर तिला पिअर्स-ॲरो मोटारीचे तोंड हवे, १९४८ चा असेल तर वेन कंपनीच्या बसचे, आणि १९५० मध्ये टपालाचे कंत्राट गेल्यानंतरचा असेल तर मागच्या सामानाच्या डब्याला पर्यटकांसाठी खिडक्या हव्यात. तीच गाडी, तिचे तीन चेहरे. वर्ष न ठरवता खरेदी केली की तिन्ही काळ एकाच फलाटावर उभे राहतात, आणि जाणकार पाहुणा काही न बोलता नुसता हसतो.

मी १९४१ चा सप्टेंबर अखेर निवडला. त्या दिवसांत ऍस्पेनची झाडे पिवळीधमक होतात आणि उंचावरच्या कुरणांतून मेंढ्या खाली आणल्या जातात, म्हणजे दुमजली डब्यांची मेंढरांची गाडी चालवायला मिळते. अशा गाडीला वाट देण्यासाठी व्हान्स जंक्शनवर दुसरी गाडी बाजूला घ्यावी लागते. एवढ्या एका कारणावर माझा तासभर सहज जातो.

ही रेल्वे लहान खोलीला इतकी का मानवते, त्याचे कारण तिच्या गरिबीत आहे. ऑटो मिअर्स याने ती १८९०-९१ मध्ये चांदीच्या खाणींच्या भरवशावर बांधली आणि १८९३ मध्ये चांदीचा भाव कोसळताच ती डबघाईला आली, ती १९५१ मध्ये बंद पडेपर्यंत धड सावरली नाही. पैसा नसल्यामुळे नवे काही आले नाही आणि जुने काही पाडले गेले नाही: छोटी इंजिने, तीस फुटी डबे, हलके रूळ, आवळलेली वळणे. श्रीमंत रेल्वेच्या शंभर डब्यांच्या गाडीचे मॉडेल केविलवाणे दिसते. इथे आठ डबे, एक इंजिन आणि गार्डाचा डबा मिळून साधारण चार फुटांची गाडी होते आणि ती खऱ्या गाडीसारखीच खरी वाटते. माथेरानच्या गाडीने प्रवास केलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

स्केलबद्दल फार खल करू नये. तीन फुटी गेज, म्हणजे दोन रुळांतील अंतर, एचओमध्ये १०.५ मिलिमीटरचे होते, त्याला एचओएन३ म्हणतात, आणि आपल्या खोलीला तेच योग्य आहे. १:४८ मध्ये, म्हणजे मूळच्या ४८व्या हिश्शाने, ऑफिरचे वळणच खोली गिळेल. १:१६० मध्ये सगळे आरामात मावेल, पण साडेसहा मिलिमीटरच्या रुळांवर हात चालवायला डोळे तरुण हवेत, माझे नाहीत.

चढाचा हिशेब मात्र बारकाईने करावा, कारण इथे खऱ्या रेल्वेचे अनुकरण अंगाशी येते. मूळ मार्गावर काही ठिकाणी चार टक्के चढ होता. चार टक्के म्हणजे १०० इंचांत चार इंच. व्हान्स जंक्शनपासून ट्राउट लेकपर्यंत दहा इंच उंची गाठायची तर २५० इंच, म्हणजे जवळपास २१ फूट लांबी लागते, आणि भिंतींच्या कडेने फिरल्यास ती आपल्या खोलीत मिळते. अडचण वळणाची आहे. वळणावर चाके रुळांना घासतात, आणि छंदातील जुना आडाखा असा की ३२ ला इंचांतील त्रिज्येने भागले की तेवढे टक्के चढ वाढल्यासारखे होते. २४ इंची वळणासाठी तो आकडा सुमारे १.३ येतो. म्हणजे वळणावर चार टक्के ठेवले तर इंजिनाला सव्वापाच टक्क्यांच्या वर ओढावे लागते. माझे जे इंजिन सरळ चढावर आठ डबे नेई, ते ऑफिरच्या वळणावर पाचांनाच दम टाकत असे. शेवटी मी वळणांवर चढ तीन टक्क्यांवर आणला आणि उरलेली उंची सरळ भागांत भरून काढली. आपण हे लाकूड कापण्यापूर्वीच करावे.

लाकडावरून आठवले. माझ्या पहिल्या हिवाळ्यात घरातील हीटर सुरू झाला, तळघराची हवा कोरडी पडली आणि पाइनच्या फळ्यांचा सांगाडा सुकून आक्रसला. रूळ अर्थातच आक्रसले नाहीत. मी सांध्यांत फट न ठेवता सगळे डाख दिले होते, त्यामुळे जानेवारीतील एका सकाळी सलग तीन फुटांचा रूळ सापासारखा बाजूला वळलेला दिसला. न्यू जर्सीत उन्हाळा दमट आणि हिवाळा कोरडा, म्हणजे ताण दोन्ही बाजूंनी. चांगल्या प्रतीचे प्लायवुड घ्यावे, ते त्याच खोलीत काही आठवडे ठेवून मगच कापावे, कच्च्या कडांना रंगाचा हात द्यावा, आणि दर तीन फुटांवर रुळांत पातळ कार्डाएवढी फट सोडून प्रत्येक तुकड्याला वीज स्वतंत्र तारेने पोहोचवावी. उघड्या भागात कोड ५५ चे रूळ वापरावेत. त्यांची उंची ०.०५५ इंच, म्हणजे १.४ मिलिमीटर असते आणि या रेल्वेचे हलके रूळ त्यांतच शोभतात. लपलेल्या यार्डात दणकट कोड ७० चालतील, तिथे कोणी पाहत नाही.

ट्रेसल पूल हा या लेआउटचा आत्मा आहे, तेव्हा त्यावर वेळ घालवावा. मी दोन चौकटींतील अंतर १६ फूट धरले, ते मॉडेलमध्ये ५६ मिलिमीटर येते. १२ इंच चौरस खांब साडेतीन मिलिमीटरचा होतो. बासवुड या मऊ लाकडाच्या पट्ट्या आणून, पुठ्ठ्यावर चौकटीचे चित्र चिकटवून त्याभोवती टाचण्यांचा साचा केला की सगळ्या चौकटी एकसारख्या निघतात. मात्र लाकडाला रंग आधी द्यावा आणि गोंद नंतर. अल्कोहोलमध्ये इंडियन इंकचे काही थेंब टाकून त्यात पट्ट्या बुडवल्या की ऊन-बर्फ खाल्लेल्या लाकडाचा करडा रंग येतो. मी पहिल्या सात चौकटी आधी चिकटवून मग बुडवल्या. जिथे गोंदाचा थेंब ओघळला होता तिथे शाई धरलीच नाही, आणि पुलावर कोणी चुना शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके उमटले. त्या चौकटी आजही माझ्याकडे आहेत, दरीच्या सर्वांत मागच्या बाजूला.

डोंगरांचे रंग पोस्टकार्डांवरून घेऊ नयेत. ऑफिरजवळचे सुळके करडे आहेत आणि खाली प्लॅसरव्हिलकडे कडे लालसर होत जातात. एकच रंगाचा डबा सगळीकडे फिरवला की ते कोलोरॅडो राहत नाही.

संदर्भांसाठी डेन्व्हर सार्वजनिक ग्रंथालयातील ऑटो पेरी यांची छायाचित्रे सर्वांत आधी पाहावीत. ती ऑनलाइन आहेत. टेल्युराइड किंवा रिकोची एखादी इमारत करायची असेल तर लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील सॅनबर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे उपयोगी पडतात, कारण त्यांत भिंत विटांची की लाकडाची हेही रंगाने दाखवलेले असते. कोलोरॅडोला येणे झाल्यास गोल्डन येथील कोलोरॅडो रेल्वे संग्रहालयात या रेल्वेचे २० क्रमांकाचे इंजिन आणि काही गूस आहेत, तर पाच क्रमांकाची गूस डोलोरेसला आहे. फूटपट्टी घेऊन जावे. छायाचित्रात दाराचा कडीकोयंडा नेमका कुठे आहे ते कधीच दिसत नाही.

वीज आणि नियंत्रणाबाबत एवढेच सांगतो की पहिल्या दिवसापासून डीसीसी, म्हणजे प्रत्येक इंजिनाला रुळांतूनच वेगळा डिजिटल आदेश देणारी पद्धत, घ्यावी. एकाच रुळावर दोन इंजिने स्वतंत्र चालवता आली नाहीत तर व्हान्स जंक्शनवरील गाठभेटीची सगळी गंमत जाते.

आता आपण या आठवड्यात काय करावे? काही विकत घेऊ नये. जुनी वर्तमानपत्रे जोडून खोलीच्या जमिनीवर पूर्ण मापाचा आराखडा अंथरावा, २४ इंचांच्या दोऱ्याने वळणे काढावीत, सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवण्याच्या जागा, कुठे येतील तिथे खूण करावी, आणि मग मधल्या मोकळ्या जागेत उभे राहून प्रत्येक सांध्यापर्यंत हात पोहोचतो का ते पाहावे. ३० इंचांपलीकडे घसरलेला डबा उचलताना पुढचा पूल कोपराने मोडतो. खोलीचे दार आत उघडते की बाहेर, हे मला आपल्या प्रश्नातून कळले नाही. आत उघडत असेल तर बिजागऱ्या आधी बदलून घ्याव्यात, नाहीतर ट्राउट लेक नेमका त्या दाराच्या वाटेत येईल.