ॲटिट्यूड कंट्रोलला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न माझ्या भाचीचा आहे. ती इथे नागपुरातच इंजिनिअरिंगला आहे, कॉलेजच्या प्रदर्शनासाठी पुन्हा वापरता येणाऱ्या रॉकेटवर मराठीतून पोस्टर बनवून राहिलीय, आणि 'फॉल्ट-टॉलरंट ॲटिट्यूड कंट्रोल'चं मोबाईलनं केलं 'दोष सहनशील वृत्ती नियंत्रण'. मामा, हेच लिहू का, म्हणाली. नको लिहू, वाचणाऱ्याला ते मानसशास्त्राचं पोस्टर वाटेल.

आधी ॲटिट्यूड घेऊ. हा शब्द इंग्रजीत आला तो चित्रकार-मूर्तिकारांच्या बोलण्यातून, मूळ इटालियन, आणि अर्थ काय तर चित्रातल्या माणसानं अंग कसं ठेवलंय, मान कुठे वळलीय, खांदा किती झुकलाय. मनाची वृत्ती हा अर्थ नंतरचा. रॉकेटवाले तो जुना अर्थच वापरतात, म्हणजे यानाचं तोंड कुठे आहे, ते किती कललंय, स्वतःभोवती किती फिरलंय. ॲल्टिट्यूड म्हणजे उंची, ती वेगळी. संक्रांतीला आपल्या महाल भागातल्या गच्चीवरून पतंग उडवताना पाहिलं असशील, पतंग तेवढ्याच उंचीवर असते पण एका अंगावर कलून गरगर फिरायला लागते. उंची तीच, बिघडला तो ॲटिट्यूड.

'रोख' चालेल का? त्यातून तोंडाची दिशा कळते, पण स्वतःभोवतीचं फिरणं सुटतं. 'तोल' आणखी जवळचा वाटतो, पण रॉकेटला नुसतं सरळ राहायचं नसतं ना, स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटचा खालचा टप्पा, म्हणजे इंजिनांचा खालचा भाग, वर गेल्यावर मुद्दाम उलटा फिरतो आणि बूड खाली करून उतरतो, त्याला तोल गेला म्हणता येत नाही. मला 'पवित्रा' पटतो. आखाड्यात पाय कुठे, छाती कुठे, अंग किती वळवलं, सगळं त्यात येतं, पवित्रा घेता येतो, बदलता येतो, आणि 'कडक पवित्रा घेतला' म्हणतो तेव्हा मनाचा अर्थही तोच शब्द सांभाळतो, इंग्रजी शब्दासारखाच.

आता फॉल्ट. दोष मुळातच असू शकतो, चालता चालता बंद पडतं तो बिघाड. 'उच्चतापसह'च्या धर्तीवर 'बिघाडसह' होतो, म्हणजे बिघाड सोसणारा. फक्त लिहिताना काना वाढला की 'बिघाडासह', म्हणजे बिघाड सोबत घेऊन, अर्थ पार उलटा! पोस्टरवर ही जोखीम मी घेणार नाही, 'बिघाड सोसणारं' असं सरळ लिही.

उदाहरण दे ५ डिसेंबर २०१८ चं. फाल्कन ९ चा टप्पा परत येत होता, त्याला दिशा देणाऱ्या जाळीदार पंखांचा हायड्रॉलिक पंप अडकला आणि तो अख्खा टप्पा गोल फिरायला लागला. त्या पंपाला जोडीदार नव्हता. पण इंजिन पेटल्यावर फिरणं आटोक्यात आलं, पाय उघडले, आणि केप कॅनाव्हरलजवळ तो किनाऱ्यावर न पडता समुद्रात उतरला. एक अवयव गेला तर उरलेल्यांनी त्याचं काम वाटून घ्यायचं, हाच या विषयाचा गाभा आहे. आपण पतंगीच्या हलक्या बाजूला चिंधी बांधतो तेव्हा तीच दुरुस्ती करतो, फरक इतकाच की आपण पतंग खाली उतरवून बांधतो आणि रॉकेटला ते उडता उडता, स्वतःचं स्वतः, काही क्षणांत करावं लागतं.

आपल्या इस्रोचं पुष्पकही घे, ते पुन्हा वापरता येणारं पंखवालं यान. २३ जून २०२४ ला चित्रदुर्गजवळ हेलिकॉप्टरनं ते साडेचार किलोमीटर उंचीवरून, धावपट्टीच्या रेषेपासून ५०० मीटर बाजूला सोडलं, तरी ते आपलं आपण वळून बरोबर उतरलं. तिथे बिघाड नव्हता, पण पवित्रा बदलत जाणं म्हणजे काय ते लोकांना लगेच कळेल.

तर मथळा असा कर: 'बिघाड सोसूनही पवित्रा राखणारं रॉकेट'. खाली बारीक अक्षरात देवनागरीत 'फॉल्ट-टॉलरंट ॲटिट्यूड कंट्रोल' राहू दे, तुझे सर तोच शब्द शोधतील.