बांधावरच्या भोकराला ‘इंडियन चेरी’ म्हणतात; ते ठेवावं का तोडावं?

तुमचा प्रश्न असा: जालन्याजवळ घेतलेल्या शेताच्या बांधावर जुनं झाड आहे, मोबाईलमधलं ॲप त्याला ‘इंडियन चेरी’ म्हणतंय, फळं भयंकर चिकट आहेत, ती खाता येतात का आणि झाड ठेवावं का?

फोटो पाहिला. हे आपलं भोकर. चेरीशी याचा काही संबंध नाही. चेरी गुलाब-बदामाच्या कुळातली, थंड मुलखातली. भोकर, म्हणजे कॉर्डिया डायकोटोमा, भारतापासून आग्नेय आशिया ते थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत उष्ण भागात रानोमाळ वाढतं.

खात्री करायची तर पानं हातात घ्या. रुंद, जाडसर, एकाआड एक लागलेली. खोड बहुधा वाकडंतिकडं. उन्हाळा लागताना बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके येतात, मग हिरव्या फळांचे घोस. फळ पिकलं की पिवळट-गुलाबी होतं आणि शेवटी काळपट. देठाशी फुलाच्या हिरव्या कोषाची छोटी वाटी तशीच राहते. गोंदणी याचीच भावकी, पण तिची पानं अरुंद आणि लांबट, फळं बारकी, पिकल्यावर नारिंगी-लाल.

पिकलेलं भोकर खाता येतं. गोडसर असतं, पण गर टाळूला चिकटून बसतो. मला विचाराल तर एक-दोन पुरे. पूर्वी पोरं याच गरानं पतंग चिकटवायची.

खरा उपयोग कच्च्या फळाचा, म्हणजे लोणच्याचा. कडक, हिरवी फळं घ्या, पिवळी झाक आलेली बाजूला टाका. धुऊन कोरडी करा, बत्त्यानं हलकेच ठेचा म्हणजे फळ उकलतं. मग काडीचं टोक मिठात बुडवून बी उचकटायची. मीठ लागलं की चिकाची तार तुटते. बिनमिठाच्या हातानं बसलात तर बोटं एकमेकांना चिकटतील आणि बी जागची हलणार नाही. पोकळीत कैरीच्या लोणच्याचा मसाला भरायचा, बरणीत कैरीच्या फोडींसोबत मुरवायचं आणि वरून गार केलेलं तेल, फळं बुडतील इतकं. आंबटपणा कैरीचा, भोकराला स्वतःची फारशी चव नाही. पण भाकरीसोबत मुरलेलं भोकर चावायची मजा कैरीच्या फोडीला नाही!

औषधाचं म्हणाल तर आयुर्वेदात हा श्लेष्मातक, युनानीत सपिस्तां. खोकल्याच्या जोशांद्यात, म्हणजे युनानी काढ्यात, जी सुकलेली, सुरकुतलेली फळं असतात ती याच गोत्रातली. घशाला ओलावा देणारा हा बुळबुळीत गरच. खोकला लांबला तर मात्र डॉक्टरकडं जा, झाडाखाली बसू नका.

झाड ठेवा. कमी पावसात तग धरतं, पाला शेळ्या आवडीनं खातात, सालीच्या वाखाचे दोर वळायचे. सावलीनं पिकाच्या कडेच्या दोन-चार ओळींना फटका बसतो, हे खरं. त्यासाठी पेरणीआधी पिकाकडच्या फांद्या छाटा, बुंधा तोडायची गरज नाही. आखाड्याच्या, म्हणजे शेतातल्या घराच्या, दारात मात्र नवीन रोप लावू नका. पिकल्या फळांचा खाली चिखल होतो आणि माशा घोंघावतात.

विकायची असतील तर हिरवी असतानाच उतरवून आठवडी बाजारात न्या. पिकलेल्या भोकराला गिऱ्हाईक नसतं.