चॅपेल म्हणजे छोटं चर्च नव्हे

प्रश्न असा आला आहे : फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यातल्या 'रॉयल चॅपेल'ला मराठीत 'राजघराण्याचं छोटं चर्च' म्हटलं तर चालेल का?

'छोटं' हा शब्द आधी काढा. इथे आकारापेक्षा वास्तू कुणाची, हे महत्त्वाचं. चर्च पॅरिशचं, म्हणजे गावाचं किंवा वस्तीचं. चॅपेल एखाद्या वाड्याला, रुग्णालयाला, कॉलेजला जोडलेलं. व्हर्सायच्या चॅपेलचं छप्पर तर राजवाड्याच्याही वर डोकं काढून उभं आहे.

खरं तर या शब्दाचं राजांशी नातं जुनंच. लॅटिन 'कॅप्पेल्ला' म्हणजे लहान झगा. संत मार्टिनने आपला अर्धा झगा भिकाऱ्याला दिला, अशी आख्यायिका आहे. उरलेला अर्धा झगा फ्रँक लोकांच्या, म्हणजे फ्रान्सच्या जुन्या राज्यकर्त्यांच्या, राजांनी जपला. तो ठेवायची जागा ते चॅपेल आणि त्याची राखण करणारे ते चॅप्लेन, अशी या शब्दांची व्युत्पत्ती सांगतात. गोव्यातला कोंकणी 'कोपेल' पोर्तुगीज 'कापेला'मधून आला, म्हणजे तोही याच कुळातला.

मग 'देवघर'? मला हा शब्द फार मोहवतो, कारण घरातलंच देवस्थान ही भावना त्यात नेमकी उतरते. पण देवघरात दरबार भरत नाही. व्हर्सायला चौदाव्या लुईने रोजच्या मिस्सेसाठी, म्हणजे ख्रिस्ती उपासनेसाठी, वरच्या मजल्यावर सज्जा (फ्रेंचमध्ये 'ट्रिब्यून') ठेवला. तळमजल्यावर ठेंगण्या कमानी आणि वर, राजाच्या पातळीवर, उंच कोरिंथियन खांब! सगळी शोभा कुणासाठी, हे बांधणीच सांगते. राजा खाली उतरे तो मोठ्या सणांना कम्युनियन, म्हणजे पवित्र प्रसाद, घेताना किंवा खास समारंभांत. 1770 मध्ये, पुढे सोळावा लुई म्हणून राजा झालेल्या राजपुत्राचं मारी आंत्वानेतशी लग्न लागलं ते इथेच. ऑर्गन हे वाद्यसुद्धा नेहमीसारखं दाराकडे नाही, ते वेदीच्या वर, राजाच्या सज्ज्यासमोर आहे.

'राजमंदिर' मला पटत नाही. त्यात राजाचा महालही डोकावतो. 'शाही प्रार्थनागृह' चूक नाही, पण त्यातून मशीद की चर्च हे कळत नाही. मी 'राजवाड्यातलं चॅपेल' असंच लिहीन : 'आर्दुँ-मांसारने आराखडा केलेलं राजवाड्यातलं चॅपेल त्याच्या मृत्यूनंतर, 1710 मध्ये, रोबेर द कोतने पूर्ण केलं.' 'ट्रिब्यून'ला मात्र 'सज्जा' जरूर म्हणा. तो शब्द आपल्याकडे तयार आहे आणि तिथे चपखल बसतो.