कातडीचा फोटो भिंतीवर टांगण्याआधी

प्रदर्शनात मोठे करून लावण्यासाठी तू काढलेले त्वचेचे फोटो पाहिले. चांगले आहेत, पण लाइट अगदी समोरून मारलायस, त्यामुळे त्वचा सपाट, प्लास्टिकसारखी दिसतेय. दिवा बाजूला ने, जवळजवळ त्वचेला समांतर. मग रोमछिद्रं, लव, मोज्याच्या इलॅस्टिकने घोट्यावर उमटवलेली नक्षी, सगळं उठून येईल. ती खूण थोड्याच वेळात विरते, तेव्हा कॅमेरा आधी लावून ठेव आणि मगच मोजा काढ.

सुरुवात स्वतःच्याच शरीरापासून कर. छायाचित्रकार जॉन कोप्लान्स यांनी 1984 पासून स्वतःचं म्हातारं शरीर टिपलं, चेहरा मात्र कधीच दाखवला नाही. कलाकार आना मेंडिएटा यांनी 1972 मध्ये चेहरा आणि अंग काचेवर दाबून फोटो काढवून घेतले. दुसरं कुणी मॉडेल असेल तर लेखी संमती घे, आणि प्रिंट केवढी मोठी होणार तेही आधीच सांग.

आता कशावर छापायचं, खरी गंमत इथेच आहे. 6000 पिक्सेल रुंदीची फाइल 100 डीपीआयला (म्हणजे इंचाला 100 ठिपके) 60 इंच जाते; दोन पावलांवरून पाहायला तेवढं पुरतं. माझ्या पहिल्या मांडणीत मी पाठीच्या फोटोवर चकचकीत काच लावली होती. लोकांना पाठ दिसायच्या ऐवजी स्वतःचीच तोंडं दिसली! तू ऑर्गन्झासारख्या झिरझिरीत कापडावर छापून बघ. माणूस जवळून गेला की कापड हलतं, आणि त्यावर छापलेली पाठ श्वास घेतल्यासारखी वाटते. फक्त खालच्या काठाला थोडं वजन शिव, नाहीतर कडा वळतात.