‘सामान्य कार्यकर्ते’ म्हणावं का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मंडळाचा वार्षिक अहवाल लिहिणाऱ्या वाचकाने विचारलंय: अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार सोडून बाकीच्यांना मिळून काय म्हणायचं? ‘सामान्य कार्यकर्ते’ खटकतं. ‘शिलेदार’ चालेल का?

‘शिलेदार’ नको. मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचं घोडं नि हत्यार घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. ज्याला घोडं सरकारातून मिळे तो बारगीर. शिलेदार म्हणजे त्यातल्या त्यात ऐपतदार माणूस. शिवाय ‘बिनीचे शिलेदार’ म्हणतो तेव्हा आपण पुढच्या फळीबद्दलच बोलत असतो, कारण बिनी म्हणजे फौजेची आघाडी. मांडवाचे खांब रोवणाऱ्या सगळ्या पोरांना ते नाव लागू होत नाही.

‘सामान्य’ तुम्हाला खटकलं ते अगदी बरोबर. ‘कार्यकर्ता’ या शब्दात काम करणाऱ्याचा मान आहे. घरातला ‘कर्ता’ कोणाला म्हणतात ते आठवा. त्यामागे ‘सामान्य’ जोडलं की तो मान उतरतो. ‘तळागाळातला’ तर मला मुळीच आवडत नाही. गाळ म्हणजे तळाशी बसलेला चिखल, आणि हे विशेषण नेहमी वरच्याने खालच्याला दिलेलं असतं. ‘नेते, पदाधिकारी व कार्यकर्ते’ असं बातमीत वाचलं की कोण कोण ते विशेषणाशिवाय कळतंच. शेजारच्या कन्नड बातमीतही ‘कार्यकर्तरु’च असतात.

सीमाभागाचा आपला एक शब्द इथे सांगायलाच हवा: ‘समितीनिष्ठ’. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीत ज्याच्याकडे कसलंही पद नाही, पण जो १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत असतो, तो समितीनिष्ठ. १९५६ साली त्याच तारखेला बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले; म्हणून तो काळा दिन. पुढे समितीत गट पडले, नेते इकडचे तिकडे झाले, तेव्हा ‘समितीनिष्ठ मतदार’ हे शब्द फार जपून वापरले गेले. पदापेक्षा निष्ठेवरून माणूस ओळखणारा इतका नेमका शब्द मला दुसरा माहीत नाही. मंडळाच्या अहवालात मात्र तो बसणार नाही.

तुमच्यापुरतं असं करा. वर्गणी भरून नाव नोंदवलेले ते ‘सभासद’, प्रत्यक्ष राबलेले ते ‘कार्यकर्ते’. दोन्ही याद्या एक नसतात, म्हणून दोन्ही शब्द लिहा: ‘पदाधिकारी, कार्यकर्ते व सर्व सभासद यांनी उत्सव पार पाडला.’ बायकांनी काम केलं असेल तर ‘कार्यकर्त्या’ही आवर्जून लिहा.