जोसेफचा सण १९ मार्चला की १ मेला?

तुमचा प्रश्न असा: मुलाचं नाव जोसेफ ठेवलंय, सासूबाई त्याचा सण १९ मार्चला धरतात, पण चर्चच्या कॅलेंडरवर १ मेही दिसतो, तर खरा कोणता? आणि संतांचे सण त्यांच्या मृत्यूच्या दिवशी का असतात?

दुसरं आधी सांगते, ते सोपं आहे. संत ज्या दिवशी गेला तो त्याचा स्वर्गातला जन्मदिवस. दुसऱ्या शतकात स्मर्ना (आजच्या तुर्कस्तानात) इथं बिशप पॉलिकार्प यांना मारलं, तेव्हा तिथल्या मंडळीनं लिहिलेल्या पत्रातसुद्धा त्यांचा हुतात्मादिन ‘जन्मदिवस’ म्हणून पाळायची गोष्ट आहे. आपण सोलापूरकर पंढरीच्या वाटेवर राहतो. ज्ञानोबांचा समाधी सोहळा, तुकोबांची बीज लहानपणापासून बघतो, तेव्हा यात नवल वाटायचं कारण नाही. पृथ्वीवरचा जन्म कॅलेंडरात तिघांचाच: येशूचा २५ डिसेंबर, मरियेचा ८ सप्टेंबर आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा २४ जून. तारीख कधी एखाद्या दिवसानं पुढेमागे होते. वसईचे गोन्सालो गार्सिया नागासाकीला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर गेले, पण ५ तारीख संत अगाथाची, म्हणून त्यांचा सण ६ ला.

संत जोसेफला, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या नवऱ्याला, मात्र हे मापच लागत नाही. तो कधी वारला हे बायबलमधल्या शुभवर्तमानांत, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या चार पुस्तकांत, नाही. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एक शब्दसुद्धा नाही.

आणि याच तारखेवरून आमच्या घरात वर्षानुवर्षं भांडण झालंय, म्हणून एवढं लिहितेय. माझ्या पप्पांचं नाव जोसेफ. इथल्याच एका गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात होते. ते १ मे पाळायचे. त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, दर वर्षी म्हणायची, “तो लाल बावट्याचा दिवस. संताला त्यात कशाला ओढतोस?” तिचंही अगदीच खोटं नव्हतं. १९५५ च्या १ मेला पोप पायस बारावे यांनी रोममध्ये जमलेल्या कामगारांसमोर ‘कामगार संत जोसेफ’ हा सण जाहीर केला, तो कामगार दिनाला देवाचं अधिष्ठान मिळावं म्हणूनच. पण ते समजून घेतलं की सण कमी ठरतो का? मला तर तो जास्त मोठा वाटतो. सुतारकाम करून पोट भरणाऱ्या माणसाला चर्चनं मुद्दाम त्या दिवशी पुढे आणलं.

त्या दिवशी पप्पा सकाळी चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे उपासनेला जायचे, मग युनियनच्या मोर्चाला. संध्याकाळी ट्रंकेतून मागावर धागा इकडून तिकडे नेणारा धोटा काढायचे. मनगटापासून कोपरापर्यंत लांब, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, मधे कांडीची खाच. लाकूड हाताळून काळं, गुळगुळीत झालेलं, फक्त एका कडेला बोट फिरवलं की कूस टोचायची. त्याला खोबरेल लावून तसबिरीखाली ठेवायचे. तसबिरीत जोसेफच्या हातात रंधा.

गिरणी बंद पडली त्या वर्षी मी सातवीत होते. पप्पांचे हक्काचे पैसे अडकलेले, घरात दोन वेळचं जेमतेम. आत्या आली आणि म्हणाली, “आता गिरणीच नाही राहिली, आता तरी १९ मार्च धर.” पप्पा धोट्याला तेल लावत होते. मान वर न करता म्हणाले, “अक्का, १९ मार्चला तो मरियेचा नवरा असतो. १ मेला तो मजूर असतो. मला मजूरच पाहिजे.” कॅलेंडर उघडून बघा, १९ मार्चच्या सणाचं नाव खरंच ‘मरियेचे पती संत जोसेफ’ असंच आहे. पप्पा बरोबर होते.

आत्याचं म्हणणं, १९ मार्चच पक्का. तोही सरकतो. २०२३ मध्ये १९ मार्चला ईस्टरआधीच्या उपवासकाळातला रविवार आला, म्हणून सण २० ला गेला. २००८ मध्ये तर ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा आडवा आला आणि तो १५ मार्चला झाला. २०२३ च्या त्या रविवारी आत्या नवी साडी नेसून चर्चला गेली आणि हिरमुसून परतली. पप्पा जाऊन चार वर्षं झाली होती. उत्तर माझ्या ओठावर होतं, पण तिचं वय बघून गप्प बसले.

आता सासूबाईंच्या बाजूनंही सांगायला हवं. मान १९ मार्चचाच मोठा आहे. १९६९ च्या नव्या कॅलेंडरात १ मे ऐच्छिक झाला आणि तो रविवारी आला, २०२२ मध्ये आला होता तसा, तर मिस्सा रविवारचीच होते. १९ मार्च शुक्रवारी आला तर उपवासकाळ असूनही त्या दिवशी मटण चालतं. २०२१ मध्ये तसा शुक्रवार होता. सासूबाईंना हे ठाऊक असेलच.

तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका. १९ मार्चला मुलाला घेऊन त्यांच्यासोबत मिस्सेला जा. पण १ मे सोडू नका. त्याचे वडील काय काम करतात हे तुम्ही लिहिलं नाही. रिक्षा चालवत असतील तर किल्ली ठेवा तसबिरीखाली, शिवणकाम करत असतील तर कात्री. आणि ती मुलाच्या हातानं ठेवा.